ओल्या दुपट्ट्यातलं विष

मी विष प्यायलो नव्हतो. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुणाला कीटकनाशकाची बाधा झाली म्हटलं की ऐकणारा पहिला प्रश्न डोळ्यांनीच विचारतो. दुसरा प्रश्न तो बायकोकडे बघून विचारतो. मी नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात फायरमन आहे. आडनाव राठोड. शहराचं नाव देत नाही, दिग्रसपासून उमरखेडपर्यंतच्या पट्ट्यातलं कुठलंही समजा. नाव दिलं तर साहेब म्हणतील, राठोड, आता लेखकही झाला काय.

डॉक्टरकीतलं मला कळत नाही आणि कळल्याचं सोंगही आणणार नाही. पण आमच्या धंद्यात अजून खूप पोरं आहेत. त्यांच्या घरी त्यांची वाट पाहणारी माणसं आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आग नाही म्हणून

फवारणीचे दिवस होते. सकाळी फोन आला की दिग्रस रोडच्या वळणावर पिकअप उलटली आहे, ड्रायव्हर आत अडकला आहे, आग नाही, पण वास फार येतोय. आग नाही म्हटल्यावर आम्ही निर्धास्त झालो. आमचं सगळं शिक्षण आगीचं. त्यातही जिनिंगच्या आगीचं. कापसाच्या गंजीला आतून धुमसणारी आग लागते, धुरानं जीव घुसमटतो. अशा वेळी खांद्यावरचा दुपट्टा पाण्यात बुडवायचा, नाका-तोंडावरून घेऊन मागे गाठ मारायची आणि घुसायचं. मला हे गजूभाऊनं शिकवलं. गजूभाऊ आमचा बंबाचा ड्रायव्हर आणि पंपही तोच चालवतो. त्याला हे त्याच्या आधीच्या माणसानं शिकवलं. ओल्या दुपट्ट्यानं आमच्यातल्या कितीतरी जणांचे जीव वाचवले आहेत, म्हणून त्याच्यावर कुणी शंका घेत नाही.

वळणावर पोहोचलो तर पिकअप नाल्याच्या अंगाला आडवी पडलेली. कपाशीवरच्या औषधाचे, म्हणजे कीटकनाशकाचे, ड्रम फुटले होते आणि खाली सगळं चिकचिक झालं होतं. वास डोक्यात शिरत होता. मास्कचा संच बंबात होता, पण तो धुरासाठी, असं आमच्या डोक्यात पक्कं. आम्ही दोघांनी दुपट्टे भिजवले आणि बांधले. गजूभाऊनं पंप सुरू केला. सांडलेल्या औषधावर पाणी पडलं तसं सगळं दुधासारखं पांढरं झालं. पंपाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या आहेत. गजूभाऊनं चेहऱ्याभोवती बोट फिरवून डोक्यामागे मूठ आवळून दाखवली. म्हणजे, दुपट्टा घट्ट बांध. मी बांधला आणि त्या पांढऱ्या पाण्यात गुडघ्यावर बसून ड्रायव्हरचा पट्टा कापला.

ड्रायव्हर म्हणजे उमरखेडचा सलीम. अंगावरचे कपडे औषधानं भिजून निथळत होते. मी त्याला खांद्यावर घेतलं आणि चढावर आणलं. अॅम्ब्युलन्स त्याला घेऊन गेली. आम्ही नाल्याच्या तोंडाशी मातीचा बांध घातला, लोकांना आणि बैलांना तिकडून हटवलं, आणि काम संपल्यावर नेहमीसारखे टपरीवर चहाला थांबलो. तोंडावरचा दुपट्टा मी गळ्यात ओढला होता. त्याच दुपट्ट्यानं घाम पुसला, डोळे पुसले, मिशीवरचा चहाही पुसला.

गजूभाऊ म्हणाला, "डोकं भल्लं दुखून राह्यलं बे."

मी म्हणालो, "चहा घे, उतरते."

निदानाचा दिवस

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. दुपट्टा अंगणातल्या दोरीवर टाकला. हातपाय धुतले. त्या दिवशी सकाळी शोभाशी माझं वाजलं होतं. कारण अगदीच फालतू होतं. तिच्या माहेरी जायचं होतं आणि मी ड्युटी पुढे केली होती. ती म्हणाली होती, "जा मंग, राहा तिथंच बंबावर." त्यामुळे घरात अबोला होता. मी मुकाट्यानं बाजेवर पडलो.

पहिल्यांदा उजेड कमी झाला. मला वाटलं आभाळ आलं. मग तोंडात लाळ सुटायला लागली, गिळावी तेवढी कमी. घाम असा फुटला की बाज ओली झाली. छातीत घुरघुर सुरू झाली. दंडाचं मांस आपोआप थडथड उडत होतं आणि मी ते दुसऱ्या हातानं दाबून धरत होतो. आरू, माझी लेक, पहिलीत जाते. ती म्हणाली, "आई, बाबा रडून राह्यले." मी रडत नव्हतो. डोळ्यातून आपोआप पाणी वाहत होतं.

शोभानं अबोला सोडला, शेजारच्याचा ऑटो बोलावला. गावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यात टॉर्च मारला आणि बाहुल्या बघून एकच वाक्य बोलले, "औषधाची बाधा आहे." लगेच कपडे कापून काढले, साबणाच्या पाण्यानं मला डोक्यापासून धुतलं, इंजेक्शन सुरू केलं आणि यवतमाळला पाठवलं. त्यांनी सगळं बरोबर केलं. अंगावर जे होतं ते सगळं त्यांनी काढून टाकलं. जे अंगावर नव्हतं ते त्यांना कसं दिसणार?

अॅम्ब्युलन्समध्ये शोभा माझ्या कानाशी वाकली. आवाज अगदी बारीक. "खरं सांगा, तुमी काही घेतलं तर नाही ना?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिचा विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही. आठ वर्षांच्या संसारात मला एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं. आता वाटतं, तिलाही त्या वेळी तेवढंच एकटं वाटत असेल.

वॉर्डातली आग

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात त्या हंगामात फवारणीवाल्यांची रांगच होती. कुणी शेतमजूर, कुणी स्वतःच्याच शेतात फवारलेला, आणि एक-दोन खरोखरच प्यायलेले. सगळ्यांना एकच इंजेक्शन. त्या इंजेक्शननं तोंड सुकतं, अंग तापतं आणि डोकं फिरतं. मला छतातून पेटती रुई पडताना दिसायला लागली. मी पलंगावर उभं राहून ती विझवायला निघालो. सलाईनची नळी बंबाचा होज समजून ओढली. शेवटी माझे हात पट्टीनं पलंगाला बांधले.

डोकं ठिकाणावर आलं तेव्हा तिथल्या सिस्टरनी विचारलं, "राठोड, विझली का आग?"

"किती नुकसान झालं?" मी विचारलं.

"दोन सलाईन आणि एक उशी," त्या म्हणाल्या. त्या बाईंचं नाव मी देत नाही, पण हसवून इंजेक्शन देण्याची त्यांची कला सगळ्या वॉर्डाला माहीत होती.

पोलीस जमादार जबाब घ्यायला आले. नियमच आहे, त्यांचा दोष नाही. घटना सांगितली. त्यांनी लिहून घेतली आणि मग पेन थांबवून विचारलं, "घरी काही भांडण वगैरे?" शोभा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. मी म्हणालो, भांडण झालं, पण ते माहेरी जाण्यावरून. जमादारांनी तिच्याकडे बघितलं. एवढंच पुरे होतं. संध्याकाळपर्यंत आमच्या तांड्यावर बातमी पोहोचली की राठोडाच्या पोरानं बायकोच्या जाचानं औषध घेतलं.

माझी आई तांड्यावर राहते. आम्हा बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात. आरूला आपल्याकडे न्यायला ती आली होती. वऱ्हांड्यात ती शोभाला म्हणाली, "तू काय बोलली होती त्याले?" मी आत पडून ऐकत होतो. शोभा काहीच बोलली नाही. तिनं भांडावं असं मला वाटत होतं, कारण गप्प राहिलेल्या माणसावर लोक दोष लवकर चिकटवतात.

दोन पलंग सोडून सलीम होता. तो माझ्याआधी बरा झाला. याचं सगळ्यांना नवल वाटायचं. ज्याच्या अंगावर ड्रम फुटला तो चालायला लागला आणि त्याला ओढून काढणारा आडवा. डिस्चार्जच्या दिवशी तो भेटायला आला, हात जोडले आणि म्हणाला, "भाई, मले तर त्याइनं आल्या आल्या न्हाऊ घातलं, कपडे फेकले. तुमी नाही न्हाले काय? तुमच्या तोंडावरच्या कपड्यातून ते पांढरं पाणी टपकून राह्यलं होतं. माह्या ओठावर पडलं, कडू जहर."

तो गेला आणि मी विचार करत बसलो. धूर ओल्या कापडात अडतो, आणि औषधही अडतं. म्हणजे नाकातोंडाला विषाची घडी बांधून मी काम केलं होतं, आणि नंतर ती दुपारपर्यंत गळ्यात मिरवली होती.

मान

डॉक्टर मॅडमनी घरच्यांना बजावलं होतं की पहिला जोर ओसरला म्हणजे सुटलो असं समजू नका. काहींची मान पडते आणि मानेपाठोपाठ श्वास जातो. म्हणून रोज सकाळी त्या पायथ्याशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "राठोड, मान उचला." मी उचलायचो. त्या पुढच्या पलंगाकडे जायच्या. हे एवढंसं काम, पण सगळा वॉर्ड त्या वेळी गप्प व्हायचा. माझ्या समोरच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याची मान एका सकाळी उचलली गेली नाही आणि दुपारी त्याचा पलंग रिकामा झाला.

सलीम गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "मान उचला."

मी उचलली, असं मला वाटलं. उशीवरून ती हललीच नव्हती. मॅडमचा चेहरा बदलला नाही, पण त्या झपाट्यानं निघाल्या. मला आयसीयूत नेलं. तोवर श्वास घेणं हे काम झालं होतं. एक घेतला की पुढचा घेता येईल का याची खात्री नव्हती. माणूस बुडतो तेव्हा निदान हात तरी मारतो. मला हातही मारता येत नव्हते. मी जाम घाबरलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. घशात नळी घातली, मशीन जोडलं, आणि मशीननं माझ्या वाट्याचा श्वास घ्यायला सुरुवात केली.

नळी असली की बोलता येत नाही. ऐकू मात्र सगळं येतं. कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो, की मशीनवरच्या माणसाजवळ तो मेल्यासारखं बोलू नका.

संध्याकाळी शोभाला आत सोडलं. तिनं माझ्या कपाळावरून हात फिरवला. मला धीर द्यायला म्हणून ती गोड बोलत होती. "आरूची काळजी नका करू. याडीपाशी मजेत हाय. जातानी लय रडली, मंग याडीनं घरून कपडे घेतानी तुमचा दुपट्टा दिला तिच्याजवळ. थो दोरीवरचा. त्याच्यातच गुंडाळून झोपते म्हणे. कोणाले हात लावू देत नाही."

मशीन श्वास देत राहिलं, नाहीतर तो तिथंच थांबला असता.

गळ्याची खूण

आरूला माझा दुपट्टा लागतोच. घरी मी आलो की ती तो ओढून साडी नेसायची, डोक्यावरून पदर घ्यायची, टोक तोंडात धरायची. टोक तोंडात धरायची.

वास येत नसेल का याडीला? नसेलच येत. त्या दिवसांत तांड्यावर प्रत्येक घराला तोच वास असतो. पंप ओसरीत, डबे ओसरीत, फवारणीचे कपडे दारात. आपल्याच घरचा वास आपल्या नाकाला कळत नाही.

मला शोभाला सांगायचं होतं. माझे हात बांधलेले होते, कारण वॉर्डातली रुईची आग कुणी विसरलं नव्हतं. मी डोळे मोठे केले, बोटं हलवली. ती म्हणाली, "हो, हो, आणतो तिले भेटाले, तुमी बरे व्हा." वेळ संपली, ती बाहेर गेली.

सकाळी अंग पुसताना सिस्टरनी, वॉर्डातल्याच त्या, आता त्यांची पाळी आयसीयूत होती, एक हात सोडला. हात तोंडापर्यंत पोचेना, म्हणून मी गळ्याभोवतीच बोट फिरवलं आणि मानेच्या बाजूला मूठ आवळली. सिस्टरनी हात पकडला. "राठोड, नळीला हात लावायचा नाही." मी पुन्हा तेच केलं. गळ्याभोवती फेरा, मूठ, ओढ. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी हात पहिल्यापेक्षा घट्ट बांधला आणि डॉक्टरांना बोलावलं. मला त्या दोघांचं बोलणं ऐकू आलं. त्यांना वाटलं मी गळफास दाखवतोय.

त्यांचं तरी काय चुकलं? कागदावर विषबाधा, घरी भांडण, आणि पेशंट हात सोडल्या सोडल्या गळ्याला दोरी दाखवतो. दुपारी एक समुपदेशक माझ्याजवळ येऊन बसले. भला माणूस. ते म्हणाले की आयुष्यात चढउतार येतात, लेकीकडे बघा, तिच्यासाठी जगा. लेकीचं नाव ऐकून मी तडफडलो. त्यांनी ते पश्चात्तापाचं लक्षण मानलं असावं, कारण ते माझा हात थोपटत राहिले. मला त्यांना मारावंसं वाटत होतं. रडावंसंही वाटत होतं. दोन्ही जमलं नाही.

पेन का नाही मागितला, असं नंतर कितीतरी जणांनी विचारलं. पेन मागायला तरी तोंड लागतं. आणि बोटांत तेवढी ताकदही नव्हती.

तो दिवस तसाच गेला. शोभा आली. डॉक्टरांनी तिला बाहेर काय सांगितलं असेल ते तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. सुजलेले होते. तिनं एवढंच विचारलं, "एवढा राग आला होता काय माह्या?" मी डोळे मिटून घेतले. माझ्या लेकीच्या तोंडाशी विष होतं आणि माझ्या बायकोला वाटत होतं की मला जगायचं नाही. दोन्ही गोष्टी एका वाक्यानं सुटल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळी शोभाच्या जागी गजूभाऊ आत आला. बाहेर चपला काढून, अनवाणी, ओशाळा होऊन. त्याला दवाखान्याची भीती वाटते. जळत्या गोदामात घुसणारा माणूस इंजेक्शन बघून तोंड फिरवतो. तो पलंगाजवळ आला, मशीनचा आवाज ऐकला आणि बहुधा त्या आवाजानंच त्याला पंपाची आठवण झाली. बोलायच्या ऐवजी त्यानं खूण केली. अंगठा वर. म्हणजे, ठीक आहे का?

माझा हात बांधलेला होता, पण मनगटापासून पुढचा पंजा मोकळा होता. मी बोट उचललं आणि चादरीवर गोल फिरवलं. मग मूठ आवळली.

गजूभाऊनं नकळत आपल्या तोंडासमोरून हात फिरवला. तीसेक वर्षांची सवय. मग त्याचा हात अर्ध्यातच थांबला.

"दुपट्टा?"

मी डोळे मिटले आणि उघडले.

"तुह्या दुपट्टा? त्या दिवशीचा?" तो खाली वाकला. "माह्या दुपट्ट्याचा वास जाऊन नव्हता राह्यला, दोनदा धुतला मी. शेवटी जमिनीत गाडला. तुह्या कुठी हाय?"

मी पंजा पलंगाच्या कडेनं जेवढा खाली जाईल तेवढा नेला आणि आडवा धरला. एवढीशी. बंबावर या खुणेचा अर्थ लेकरू असा होतो. आत लेकरू आहे.

गजूभाऊ सरळ झाला. सिस्टरनी काय झालं म्हणून विचारलं तर त्यांना एवढंच म्हणाला, "त्याले मरायचं नाही बाई. थो कॉल देऊन राह्यला." आणि गेला. त्याच्या चपला आयसीयूच्या दाराबाहेर संध्याकाळपर्यंत तशाच पडून होत्या, असं सिस्टरनी मला नंतर सांगितलं.

वाट

त्या संध्याकाळी कुणी भेटायला आलं नाही. शोभाही नाही.

आयसीयूत दिवस आणि रात्र सारखेच असतात, पण भेटायची वेळ कळते. दार उघडतं, पावलं येतात, प्रत्येक पलंगाशी कुणीतरी थांबतं. माझ्या पलंगाशी कुणी थांबलं नाही. शोभा आली नाही याचा एकच अर्थ होता. ती दुसऱ्या कुठल्यातरी पलंगाशी होती. सिस्टरनी माझा हात सोडला आणि परत बांधला नाही. त्या माझ्याशी थट्टा करत नव्हत्या. मला त्यांच्या गप्प बसण्याची फार भीती वाटली. मी देवाधर्माचा फारसा नाही, पण त्या वेळी आमच्या तांड्यावरच्या सगळ्या देवांना नावं घेऊन बोलावलं. म्हटलं, माझी मान नका उचलू, तिची उचला.

दुसऱ्या सकाळी याडी आत आली. लुगड्याचा पदर डोक्यावर, हात एकमेकांत घट्ट. पायथ्याशी उभी राहिली.  मग एकदम बोलली.

"पोरगी बरी हाय. दूध मागून राह्यली."

मग सगळं सांगितलं. आरूला दोन दिवस ओकाऱ्या होत होत्या, पोट दुखत होतं, लाळ गळत होती. याडीनं नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या उतरवल्या. लेकरू जितकं कण्हलं तितका तो दुपट्टा तिच्या भोवती घट्ट गुंडाळला, बापाचा आधार वाटेल म्हणून. गजूभाऊ तांड्यावर पोहोचला तेव्हा ती दुपट्ट्याचं टोक चोखत पडली होती. त्यानं तो ओढून फेकला, हौदावर नेऊन तिचे कपडे काढून तिला धुतलं, केसांना साबण लावला. तांड्यावरच्या बाया ओरडत होत्या की तापलेल्या पोरीवर गार पाणी टाकतो. त्यानं कुणाचं ऐकलं नाही. तशीच चादरीत घेऊन इकडे आणली. बालरोग वॉर्डात तिच्या डोळ्यात टॉर्च मारला तेव्हा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या.

याडी म्हणाली, "म्याच गुंडाळलं रे तिले." आणि मग, तिच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, "शोभाले मी काहीबाही बोलली. तिचे पाय धरले मी काल. धरू देत नव्हती."

मला हसायचं होतं. नळीमुळे मशीन कोकलायला लागलं आणि सिस्टर धावत आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "राठोड, रडायचं तर हळू रडा, अलार्म होतो."

घरी

मान हळूहळू आली. आधी बोटभर, मग उशी आणि मानेमध्ये हात घालता येईल एवढी. नळी निघाली तेव्हा पहिलं वाक्य मी शोभाशी बोललो. आवाज फाटका होता. "राग नव्हता आला." तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "माहीत हाय आता. गप राहा, घसा दुखन." नंतर आम्ही तिच्या माहेरी गेलो, काठी टेकत.

पाय अजून संध्याकाळी जड होतात. पायऱ्यांवर धाप लागते. काही वेळा झोपताना मान उचलून बघतो, आहे ना म्हणून. हेही होतं, आणि याला वेळ लागतो. तुमच्या घरी कुणी असं असेल तर त्याला "आता तर बरा झालास" असं म्हणू नका.

स्टेशनवर मी आता नव्या पोरांना जे सांगतो ते इथंही सांगतो. आग नाही म्हणजे धोका नाही असं नसतं. वारा पाठीमागून घ्या, थांबा, ड्रमवर काय लिहिलंय ते आधी वाचा आणि डॉक्टरला सांगा. ओला दुपट्टा धुरासाठी. औषधासाठी मास्क. काम झाल्यावर चहा नाही, आधी कपडे उतरवायचे, तिथंच न्हायचं, बंबाच्या पाण्यानं, साबणानं. ते कपडे पिशवीत बांधायचे आणि घरी न्यायचे नाहीत. ज्याला बाहेर काढलं त्याला दवाखान्यात धुवून काढतात आणि आपण तसेच बसतो, हे बंद करा. पोरं हो म्हणतात. मग अर्धी पोरं तशीच घरी जातात.

मी ड्युटीवर परत गेलो त्याला आता बरेच महिने झाले. परवा एका जिनिंगमध्ये सरकीला आग लागली होती. साधी आग, औषध नाही, काही नाही. स्टेशनवर आंघोळ केली, कपडे बदलले आणि संध्याकाळी घरी आलो. आरू दारात बसून अभ्यास करत होती. पूर्वी फाटक वाजलं की ती धावत येऊन पायाला मिठी मारायची. आता ती उठली आणि उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

"बाबा, न्हाले काय?"

"हो. तिथंच न्हालो."

"कपडे?"

"दुसरे घातले."

तिनं माझ्या सदऱ्याकडे बघितलं. मग अंगणातल्या नळाकडे बोट दाखवलं. "अजून एक डाव न्हा."

शोभा आतून म्हणाली, "जाऊ दे वं, थकून आले ते."

आरू हलली नाही. माझ्या सात वर्षांच्या लेकीला बापाला हात लावण्याआधी विचार करावा लागतो, याचं मला फार वाईट वाटलं.  आणि आमच्या अख्ख्या स्टेशनात एकाकडून तरी हे असं पाठ करून घेता आलं असतं तर, असंही वाटलं. मी नळाकडे गेलो. अंगणात उभं राहून सदरा काढला, डोक्यावर पाणी घेतलं, साबण लावला. ती उंबऱ्यातून बघत होती.

"कानामागं," ती म्हणाली.

मी कानामागे साबण लावला. पाणी ओतलं. तिनं पुन्हा एकदा बघितलं, आणि मग पळत आली आणि माझ्या ओल्या पायांना मिठी मारली.